आमच्या साडूंची कत्तलगाडी

बोकडाच्या मरणाची खुद्द बोकडापेक्षा जास्त काळजी करणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो मुलुंडला राहतो. माझे साडू. निवृत्त जनावरांचे डॉक्टर. परदेशात म्हणे लहान पशुपालकांच्या दारातच फिरता कत्तलखाना येतो. जनावराला टेम्पोत कोंबून, उपाशी-तहानलेलं शहरात आणावं लागत नाही. "मरायचं ते मरू दे हो, पण घाबरून का?" हे वाक्य त्यांनी मटणाच्या रांगेत ऐकवलं, सोसायटीच्या सभेत ऐकवलं, आणि माझ्या मुलीच्या साखरपुड्यात शुद्ध शाकाहारी व्याह्यांना श्रीखंड वाढता वाढताही ऐकवलं. हक्काचा श्रोता मात्र मीच. कारण मटणाच्या दोन वाट्या मी सहज संपवतो, पण रक्त तपासायला द्यायचं तर मला आधी आडवं करावं लागतं.

शेवटी त्यांनी एक जुना टेम्पो घेऊन आतून स्टीलने मढवला. पाण्याची टाकी, छताला आकडे, चढायला उतरती फळी, सगळं झकास. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "काय डॉक्टर, चायनीज टाकताय?" परवानगी यायची होती, तोवर नुसती दाखवायला म्हणून गाडी शहापूरकडच्या एका पाड्यावर नेली, शेळ्या पाळणाऱ्या एका बाईंकडे. मदतीला मी. तिथे कळलं, मदत म्हणजे बोकडाची भूमिका.

"साडू, फळीवरून सावकाश चढा. कुठे बिचकलात तर सांगा."

"अहो, पण इथे खरे बोकड आहेत की!"

"त्यांना सांगता येत नाही."

चढलो. फळी उत्तम होती. आत जाऊन मान वर केली, आकडे दिसले, आणि पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, "ह्यो तर आदीच गेला!"

तोंडावर पाणी मारता मारता बाईही खूप हसल्या. मग गाडीकडे बघत राहिल्या.

"गाडी चांगलीय, डाक्टर. पण टेम्पोतून नेतात तवा निदान मला दिसत नाय. एकेकाला नाव दिलंय मी."

साडूंनी फळी उचलून गाडीत ठेवली. परतीच्या वाटेवर ठाणं आलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "बोकडाचाच विचार केला हो मी. बाईंचा राहूनच गेला."

परवानगी अजून आलेली नाही. पण गेल्या रविवारी ते पुन्हा निघाले. "गाडी कुठे उभी केलेली चालेल, एवढंच बाईंना विचारून येतो. तुम्ही नका येऊ, तुम्हाला त्रास होतो."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.