एकधारची कॉफी

कारखान्यात त्याला कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे म्हणत एकधार. लोखंड ओतायच्या कारखान्यात तो सत्तावीस वर्षं ओतारी होता आणि त्याची धार कधी तुटत नसे, म्हणून हे नाव. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना हात मध्येच थांबला, तर आधीचं लोखंड गोठायला लागतं, नंतरचं त्याला नीट चिकटत नाही, आणि वरून धडधाकट दिसणारा माल पुढे कधीतरी नेमका तिथेच फुटतो. एकधारनं ओतलेला माल फुटला असं कोणी ऐकलं नव्हतं. याचा त्याला गर्व होता. तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आला असेल ही शंकाही त्याला कधी आली नाही.

ओतायची बादली दोघांनी मिळून धरायची असते. तिला समोरासमोर दोन लांब दांडे. पुढच्या दांड्याच्या टोकाला आडवी मूठ असते. ती पिळली की बादली कलते. ती मूठ एकधारची. मागचा दांडा साधा. तो धरणाऱ्यानं वजन पेलायचं आणि पुढचा नेईल तिकडे जायचं. हा मागचा दांडा बावीस वर्षं एकाच माणसानं धरला. त्याला सगळे शेपूट म्हणत, आणि तोही हसून ओ देत असे. दोघांना कामात बोलावं लागत नसे. एकधारचा खांदा जरा हलला की शेपूटचं पाऊल उचललं जाई. दोघं शेजारशेजारच्या गल्ल्यांत राहायचे, जाता-येता बरोबर, डबा बरोबर. एकधारची बायको गेली तेव्हा महिनाभर शेपूटच्या घरून दोन डबे आले, एक बापाचा आणि एक लेकीचा.

कॉफीचं यंत्र याच लेकीनं आणलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथल्या मैत्रिणीकडे प्यायलेली कॉफी तिच्या डोक्यात बसली आणि एक दिवस तिनं खोकंच घरी आणलं. कॉफीचा अख्खा संसार एका पाटावर मांडावा तसं ते यंत्र होतं: बिया दळायची चक्की, लांब चोचीची किटली, गाळायचा कागद बसवायचं नरसाळं, खाली वजनकाटा आणि पुढे तळहाताएवढा पडदा. बटण दाबलं की दळण्यापासून ओतण्यापर्यंत सगळं आपोआप. वाटलं तर किटली उचलून पाणी आपल्या हातानंही ओतता यायचं. एकधारनं पहिल्याच दिवशी बटणाकडे पाठ फिरवली.

"ओतायला यंत्र? मग मी काय मेलोय का?"

पडद्यावर सूचना येत होत्या. आधी थोडंच पाणी ओता, चाळीस सेकंद थांबा, पूड फुगू द्या, मग उरलेलं थांबत थांबत. एकधारनं किटली उचलली आणि एका धारेत सगळी रिकामी केली. नरसाळं भरून वाहिलं, काळं पाणी ओट्यावरून खालच्या कप्प्यात गेलं आणि चमचे कॉफीत पोहायला लागले.

"बाबा, थांबायला सांगितलंय ना त्यात!"

"थांबलं की तिथे सांधा राहतो."

"कॉफीत कसला सांधा?"

पण त्याचा हात ऐकत नव्हता. आठवडाभर रोज चमचे धुतले गेले. मग कसाबसा तो थांबायला शिकला, तेही ओठ मुडपून, कोणी सक्तीनं सही घेतल्यासारखा.

त्याला खरं वेड लावलं ते पडद्यावरच्या रेषेनं. पाणी पडत असताना खालचा काटा क्षणाक्षणाचं वजन घेई आणि पडद्यावर रेष काढत जाई. धार सारखी असेल तर रेष सरळ. हातानं ओतलेली प्रत्येक रेष तारीख-वेळ घालून यंत्रात साठून राही. लेकीची रेष नागमोडी यायची. एकधारची पट्टीनं आखल्यासारखी. जेवणाच्या सुट्टीत तो हेच सांगायचा. ऐकून ऐकून शेपूटचे कान किटले.

चार-पाच महिन्यांनी रेषेला बारीक लहर आली. एकधारनं काट्याला दोष दिला. काटा पुसला, यंत्र ओट्यावरून उचलून जमिनीवर ठेवलं, गुडघे टेकून ओतून पाहिलं. लहर तशीच. मग एका सकाळी त्यानं लेकीला सहज सुचल्यासारखं म्हटलं, "आज तू ओत." एवढ्या दिवसांत तिचा हात बसला होता. तिची रेष त्याच्यापेक्षा सरळ आली. ती टाळ्या पिटून हसली. म्हणजे काटा ठीक होता.

पुढे लहरीचे दाते झाले. आता पडदा बघायचीही गरज राहिली नाही. किटलीच्या चोचीतून पाणी थरथरत पडताना दिसत होतं. तो डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर कागद लिहून देतात आणि कागद कारखान्यात जातात. मूठ गेली तर आपण कोण, हा प्रश्न त्याला पडला. बादली जड असते, जड वस्तूला हात कमी कापतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. कोपर बरगडीला घट्ट दाबून ओतायला लागला. मागच्या दांड्यावर एक माणूस आहे आणि त्या माणसाला पाय आहेत, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तरी तो मिठाची गुळणी धरून बसला. इथे त्याचा राग यावा असंच हे आहे.

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी तो सकाळी पावणेसहाला नेहमीसारखी कॉफी करून, पिऊन गेला होता. चौथा साचा भरताना मूठ त्याच्या हातात दोनदा झटकली. धार साच्याच्या तोंडात न पडता काठावर आदळली आणि ठिणग्यांचा फवारा उडाला. शेपूट दचकून मागे झाला, दांडा त्याच्या हातातून निसटला, बादली कलंडली आणि लोखंड त्याच्या डाव्या बुटात गेलं. एकधारच्या अंगावर एक थेंब पडला नाही. दवाखान्यात शेपूटचा पाय घोट्याच्या वरून कापला.

चौकशी झाली. शेपूटला इतकंच आठवत होतं की दांडा आपण सोडला. फवारा आधी की दांडा आधी, हे त्याला सांगता येईना. "माझंच लक्ष नव्हतं बहुतेक," असं तो खाटेवरून म्हणाला. साहेबांनी लिहिलं, मागच्या कामगाराचा तोल गेला. एकधारला विचारलं. तो मान खाली घालून "हो" म्हणाला आणि कागदावर सही केली. सहीसुद्धा वेडीवाकडी आली. सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसलाय.

त्यानंतर कारखान्यानं हातानं ओतणंच बंद केलं आणि दोघंही घरी बसले. शेपूटच्या घरी त्याचा थोरला मुलगा अधूनमधून बोलून दाखवायचा, "बाबा, बावीस वर्षांचं काम, आणि तुमचं लक्ष कुठे होतं?" शेपूट ऐकून घ्यायचा. दर रविवारी सकाळी एकधार त्याला घ्यायला जायचा. एकधारच्या घराचे दोन जिने चढायचे, शेपूटच्या एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात एकधारचा हात. वर आलं की कॉफी. आता एकधार बटण दाबायचा, लेकही. यंत्र दळायचं, यंत्र ओतायचं, थांबायचं, पुन्हा ओतायचं. आपला कप तो टेबलावरून उचलतच नसे. तोंड खाली नेऊन प्यायचा. शेपूट म्हणायचा, "मांजरासारखा काय पितोस?" आणि कॉफी अर्धी झाली की हटकून एक वाक्य बोलायचा.

"माझ्यापायी तुझंही काम सुटलं रे. मला माफ कर."

"सोड ते," एकधार म्हणायचा.

दोन वर्षं, दर रविवारी, ही माफी तो घेत होता. तो रविवारची वाट बघायचा आणि शनिवारी त्याचं जेवण उतरायचं नाही. सांगावं तर हा एकमेव माणूस जाईल. न सांगावं तर तो दर आठवड्याला समोर बसून माफी मागेल. सांगायचं कधी, हे त्यानं शंभर वेळा ठरवलं होतं आणि शंभर वेळा "सोड ते" म्हटलं होतं.

त्या रविवारी लेक दुकानात गेली होती. यंत्र कॉफी गाळत होतं आणि एकधार मोरीत कप विसळत होता. शेपूट ओट्याशी खुर्ची ओढून यंत्राच्या पडद्याशी चाळा करत बसला होता. कुठेतरी बोट लागलं आणि जुन्या रेषांची यादी उघडली.

"अरे, ह्या त्या तुझ्या रेषा ना? डोकं खाल्लं होतंस माझं."

एकधारचे हात पाण्यातच थांबले. "बंद कर ते. बिघडेल."

"बिघडतंय काय. बघू तर दे." तो बोटानं यादी वर सरकवत गेला. "ही बघ. वा. अगदी तार ओढल्यासारखी. आणि ही... ही तुझी नव्हे. लेकीची असेल." बोट पुढे सरकलं. "हीसुद्धा?"

शेवटच्या रेषेची तारीख त्याच्या ओळखीची होती. ती तारीख त्याच्या घरात कोणी विसरू शकत नव्हतं. खाली वेळ होती, पाच वाजून त्रेचाळीस मिनिटं. रेष करवतीसारखी होती. त्यानंतर यादीत काहीच नव्हतं.

"ही कोणी ओतली?"

एकधारनं नळ बंद केला. खोटं बोलायला वाव होता, लेक घरी नव्हती. पण त्याचे ओले हात समोर होते आणि ते कापत होते.

"मी."

"कधीपासून?"

"त्याच्या आधी सहा-सात महिने."

शेपूटच्या कपाळावरची शीर फुगली. एकधारला वाटलं, आता कुबडी अंगावर येईल. यावी असंही वाटलं.

"फवारा आधी उडाला," शेपूट म्हणाला.

"हो."

"मी दांडा नंतर सोडला."

"हो. नंतर."

"दोन वर्षं मी तुझी माफी मागतोय."

एकधारला रडू फुटलं, आणि आपल्याला रडायचा हक्क नाही हे कळत असूनही ते थांबेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर साहेबांनी मूठ काढून घेतली असती."

"साहेबांना नाही रे. मला." शेपूटचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दांडे बदलले असते आपण. मूठ मी धरली असती, मागे तू राहिला असतास. कोणाला कळलं असतं? एवढ्या धुरात कोण बघतंय, कोण पुढे नि कोण मागे?"

आणि एकधारच्या तोंडून, त्यालाही नको असताना, निघून गेलं, "तुला जमलं असतं?"

शेपूट अगदी हळू म्हणाला, "बावीस वर्षं तुझ्या मनगटाकडे बघत उभा होतो. मला दुसरं काय होतं बघायला?"

यंत्रातली कॉफी गाळून झाली होती. दोघांपैकी कोणी कप भरला नाही. शेपूटनं कुबडी ओढून घेतली, ओट्याचा आधार घेऊन उठला आणि दाराकडे निघाला.

"मी येतो तुझ्या घरी," एकधार मागून म्हणाला. "तुझ्या मुलाला सांगतो. आत्ता सांगतो. कारखान्यातही लिहून देतो."

"दोन वर्षं मी स्वतःच घरात सांगितलंय, चूक माझी. आता तुला बरोबर घेऊन गेलो तर म्हणतील, बाबांनी मित्राला पढवून आणलं." त्यानं चप्पल चाचपली. एकच लागायची. "तरी ये. पण आज नको."

जिन्याच्या तोंडाशी एकधारनं सवयीनं हात पुढे केला. शेपूटनं त्या हाताकडे पाहिलं, रागानं नाही, नीट निरखून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

"नको," तो म्हणाला. "तुझ्या हातावर विसंबून एकदा चाललोय मी."

तो पहिल्या पायरीवर खाली बसला. कुबडी पुढच्या पायरीवर ठेवली, दोन्ही हात टेकले आणि शरीर खाली ढकललं. मग पुढची पायरी. छत्तीस पायऱ्या होत्या. एकधार वरच उभा राहिला, आणि शेपूटनं खाली पोचेपर्यंत एकदाही वर पाहिलं नाही.