मेली नाही तरी हसली

आमची शेजारीण कावेरी पडद्यावर इतक्यांदा मेलीय, की तिला साधी सर्दी झाली तरी मी विचारते, "यावेळी जाळतायत की विहिरीत ढकलतायत, गं?"

कन्नड भुताच्या पिक्चरमध्ये भूत व्हायची ती. गल्लीत मुलगा म्हणून वाढली, पण कॉलेजात असताना आईला सांगून टाकलं, मी मुलगी आहे. तानूबाई आधी रडली, मग स्वतःच्या दोन इरकली साड्या काढून दिल्या. वर म्हणाली, "पदर नीट घे, झाडू लावतोयस... लावतेयस." तेव्हापासून चुकली नाही हो.

पिक्चरवाल्यांचं मात्र भलतंच. आधी कावेरीची खरी वेणी दाबून बसवायची, वर रबरी टक्कल चिकटवायचं, आणि त्यावर पुन्हा खोटे लांब केस! शेवटाला हिरो ते केस ओढणार, टक्कल दिसणार, बाई नव्हे हा बाप्या म्हणून पब्लिक शिट्ट्या मारणार. मग भुताला मारायचं.

मी आणि तानूबाई मॅजेस्टिककडच्या थिएटरात जायचो. काय दिवस होते! ढेकणांच्या खुर्च्या, पिशवीत खायला कोडबळी, मागच्या रांगेत कुणाचं तरी तान्हं रडतंय. तानूबाई कडेची खुर्ची धरायची, पायात चप्पल तशीच. हिरोचा हात केसांकडे गेला की, "अक्का, डोकं दुखतंय गं," आणि पसार. मी बाहेर यावं तर ही सोड्याच्या गाडीपाशी.

घरी कावेरी मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, "आई बसली शेवटपर्यंत?"

"सोडा प्याली," मी म्हणायची. ती हसायची, पण तोंड उतरायचं. एकदा तरी आईने शेवट बघावा, एवढंच होतं तिचं.

मध्यंतरी भव्या नावाची पोर आली. इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी सोडून पिक्चर काढायला निघालेली. तिच्याही पिक्चरमध्ये भूत होतंच, पण कावेरीला काम दिलं त्या घरात भाड्याने राहणाऱ्या टेलरबाईचं.

"टोप कोण ओढणार?" कावेरीने आधी तेच विचारलं.

"टोप नाहीच आहे, अक्का. तुमचेच केस."

"आणि मरायचं कधी?"

"मरत नाही तुम्ही."

कावेरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सरी, बरंच झालं की, आता सोडेवाल्याचा धंदा बसला."

शूटिंग होसकोट्याच्या एका जुन्या घरात. शेवटच्या दिवशी मी चित्रान्नाचा डबा घेऊन गेले होते. आता, पिक्चरवाल्यांची एक रीत असते. मरणाचा सीन झाला की कॅमेरा चालू असतानाच त्या कलाकाराने हसून दाखवायचं, म्हणजे अपशकुन टळतो. ते हसणं पुढे कापून टाकतात. कावेरीची अशी कितीतरी हसणी कापली गेली असतील.

त्या दिवशी तिने दाराला कडी लावली, शिलाई मशीनवर बसली, सीन संपला. आणि बाई सवयीने कॅमेऱ्याकडे वळून अशी छान हसली!

"अक्का," भव्या म्हणाली, "तुम्ही जिवंत आहात यात."

सगळे खो खो हसले. कावेरीने जीभ चावली. पण भव्याने ते हसणं कापलं नाही.

मागच्या वर्षी मॉलमध्ये लागला पिक्चर. तिथल्या खुर्च्या म्हणजे बिछानेच, बटण दाबलं की पाय वर. तानूबाईने कडेचीच जागा मागितली. मधेच कुणीतरी टेलरबाईच्या वेणीला हात लावला, तशी तानूबाईने माझं मनगट धरलं. तो वेणीत अडकलेला दोरा काढत होता. तिने स्वल्प श्वास सोडला, मनगट काही सोडलं नाही.

शेवटी कावेरीचं हसणं आलं, अख्ख्या पडद्यावर. वरचा वाकडा दात सुद्धा. दिवे लागले, लोक निघाले, तानूबाई बसूनच.

कावेरी मागच्या रांगेतून पळत आली. "आई, बसलीस शेवटपर्यंत?"

"बसू नको तर काय," तानूबाई पायांनी खुर्चीखाली चाचपत म्हणाली. "केव्हा काढून ठेवली कोण जाणे. चप्पल शोध आधी."

कावेरी इरकली साडीतच गुडघ्यांवर बसली आणि खुर्चीखाली हात घातला.