झाकण तर उघडं होतं

गडचिरोलीत बसून मी माझ्या जुन्या लॅपटॉपचा रोग बरा केला होता आणि त्याचा मला चांगलाच माज चढला होता. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. झोपवलेला लॅपटॉप जागा करावा, तर नुसता काळा पडदा दिसायचा. चार दिवस डोकं आपटून मी एक सेटिंग बदललं आणि तीस वेळा झाकण मिटून उघडलं. तीसही वेळा पडदा उजळला. मी खोलीत एकटीच नाचले.

दुसऱ्या दिवशी भामरागडकडच्या एका गावात ग्रामसभा होती. वनहक्काच्या दाव्यासाठी गावाच्या जंगलाचा नकाशा लॅपटॉपमध्ये होता. गावातल्या एका म्हाताऱ्या भाऊंनी अकरा दिवस माझ्यापुढे चालत, नाला नि मोहाची झाडं दाखवत, त्या जंगलाची हद्द मला दिली होती. सभेनं नकाशा पाहून सह्या-अंगठे दिले की फाइल मंजुरीसाठी अहेरीच्या सरकारी कचेरीत जाणार होती. पावसानं रस्ता तुटला असता, तर सगळं दिवाळीपर्यंत लटकलं असतं.

मी लॅपटॉप सतरंजीवर ठेवला. भाऊंनी लगेच उचलला.

"जंगल भुईवर ठेवाचं नाई बाई. लोकायचे पाय लागतात."

मांडवात टेबल नव्हतं. खोक्यासारखा एक लाऊडस्पीकर पालथा पडला होता. त्यावर धुतलेला दुपट्टा अंथरून त्यांनी लॅपटॉप मांडला.

नकाशा आला, सगळे पुढे सरकले आणि लॅपटॉप झोपला. मी जागा केला, तो पुन्हा झोपला.

"काऊन झोपून राह्यला हा?" भाऊंनी विचारलं. मागून कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रागारागानं लॅपटॉप घेऊन मी झाडाखाली गेले. तिथे शहाण्यासारखा जागा राहिला! लिनक्स आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतं आणि ती वाचायला कोणाच्या परवानगीची गरज नसते. मी नोंदी उघडल्या. दर झोपेआधी एकच गोष्ट लिहिलेली: झाकण मिटलं.

झाकण तर उघडं होतं! मग डोक्यात उजेड पडला. लॅपटॉपला झाकण मिटल्याचं कळतं ते त्यातल्या चिमुकल्या चुंबकामुळे, आणि स्पीकरच्या पोटात बशीएवढा चुंबक बसलेला होता. मी ओरडतच मांडवात धावले. खोक्यावर धरला, झोपला. उचलून जागा केला, जागाच राहिला. पुन्हा करून दाखवा, म्हणून सगळ्यांनी गलका केला. मला तर आनंदानं काही सुचेना.

"आण इकडं," म्हणत भाऊंनी मांडी घातली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. दोन तास ते हलले नाहीत. एकेक जण वाकून हद्द बघायचा आणि रजिस्टरवर अंगठा द्यायचा. भाऊंसाठी रजिस्टर त्यांच्यापाशी न्यावं लागलं. उठताना पायाला मुंग्या आल्या, तरी लॅपटॉप त्यांनी कोणाला दिला नाही. उघडाच दोन्ही हातांवर धरून ते जीपकडे निघाले, त्या अकरा दिवसांसारखे, माझ्यापुढे.

"भाऊ, आता मिटला तरी चालते."

"अहेरीले पोचू दे आधी," मागे न बघता ते म्हणाले.