पुलावरचा निळा स्वेटर

जलपर्णी कुजल्याचा वास आला की मला सांगवीच्या नदीकाठची ती सकाळ आठवते. वडिलांना विसरण्याचा आजार जडला होता, म्हणून मी त्यांना रोज फिरायला न्यायचो. त्या दिवशी त्यांना बाकावर बसवलं आणि हौसेनं घेतलेला नवा कॅमेरा काढून पाण्यातल्या बगळ्याचे फोटो काढत राहिलो. मागे वळून पाहिलं तर बाक रिकामा. "बाबा, बाबा" करत मी सगळा काठ पालथा घातला. पाण्याकडे बघायची हिंमत होईना, तरी नजर तिकडेच जात होती. फिरायला आलेल्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आधी श्वास घ्या. त्यांचा एखादा फोटो आहे का? आपण लोकांना विचारू." फोटो म्हणताच मी कॅमेरा चालू केला. शेवटच्या फोटोत बगळ्याच्या पार मागे पूल दिसत होता आणि पुलावरून पलीकडे निघालेला एक निळा स्वेटर, सकाळी मीच वडिलांना घातलेला. मी धावत सुटलो. पलीकडच्या बसस्टॉपवर वडील ताठ उभे होते. रिटायर होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. माझ्याकडे परक्यासारखं बघत त्यांनी विचारलं, "काय हो, कंपनीची बस गेली का?" "नाही, येईल आता," म्हणत मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. वडील आता नाहीत. पक्ष्यांच्या फोटोंचं एवढं कसलं वेड, असं लोक विचारतात. मी मात्र घरी आलो की प्रत्येक फोटोत पक्षी सोडून आधी मागची माणसं बघतो.