पाच वर्षांचा दाखला

८ नोव्हेंबर १९८७, रविवार. दिवाळीची सुट्टी संपत आली होती आणि मी दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक आखत होते. नववीला गणिताचे तीन तास लागून आले होते, ते खोडत असतानाच शाळेचा शिपाई दारात आला. "बाई, तळेकर सर गेले." पहाटे झोपेतच, हृदयविकाराने. घाटकोपरच्या टेकडीवरची आमची शाळा या माणसाने सुरू केली, आणि गेला तेव्हा तो त्याच शाळेत लिपिक होता.

टेकडीवर तेव्हा माध्यमिक शाळा नव्हती. सातवी झाली की मुली घरी बसायच्या. सरांनी गिरणीच्या कचेरीतली नोकरी सोडली, गणेशोत्सव मंडळाची पत्र्याची खोली मिळवली आणि आठवीचा वर्ग काढला. मी बी.एड. होते, मुलुंडला सहा वर्षं शिकवून मुलांसाठी घरी बसले होते. मला शोधत आले आणि म्हणाले, "पगाराचं काही खरं नाही बाई, पण फळा झकास आहे." संस्था नोंदवायला सात नावं हवी होती. ती त्यांनी सकाळी दूधकेंद्राच्या रांगेतच जमवली, जो पुढे उभा त्याची सही. स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. शिकवणाऱ्याने कारभारात बसू नये, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. आज मी त्याला मूर्खपणा म्हणते. स्वतः काढलेल्या शाळेत त्या माणसाला एक मतही नव्हतं.

पाचव्या वर्षी अनुदानाचा प्रस्ताव गेला आणि परत आला. मुख्याध्यापक बी.एड. हवा. सर नुसते बी.एस्सी. आमच्या अध्यक्षांची पिठाची गिरणी आहे, त्याच रांगेतला माणूस. त्यांनी वाट काढली, पहिल्या दिवसापासून मीच मुख्याध्यापिका होते असं कागदावर दाखवायचं. मी दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी सर स्वतःच ते कागद घेऊन घरी आले.

"सही करा. तुम्हाला सगळ्यांना पगार सुरू होईल, शाळा टिकेल."

"आणि तुमचं काय?"

"मी कुठे जातोय? माझा वर्ग आहेच ना."

मी सही केली. वर्गही राहिला नाही. अप्रशिक्षित म्हणून त्यांना शिक्षकाची मान्यता मिळेना, लिपिकाची जागा तेवढी रिकामी होती... माझ्या केबिनबाहेर बसून ते पगारबिलं टाईप करायचे. मुलं सवयीने रजेचे अर्ज त्यांच्याकडेच नेत, ते "बाईंकडे जा" म्हणून आत पाठवत. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा.

या जूनमध्ये ते आत आले, बसले नाहीत. "बाई, एक दाखला द्या. पहिली पाच वर्षं मी मुख्याध्यापक होतो, एवढाच."

"आता कशाला हवाय?"

"मुलगी विचारते, शाळा तुम्ही काढली म्हणता ना, मग बाहेर का बसता?"

तो दाखला दिला असता तर माझी सही खोटी ठरली असती, पाठोपाठ माझी मान्यताही. दिवाळीनंतर बघू, असं मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

स्मशानातून निघताना अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "शोकसभेत ज्येष्ठ लिपिक म्हणा हां बाई. जुनं काही काढू नका, उगाच शाळेची वाट लागायची." त्यांचे डोळे खरोखर ओले होते. मी मान हलवली, होकारार्थीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचं कार्यालय उघडलं. दाखला मीच टाईप केला, एका बोटाने. सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक घातला. जूनमधली तारीख घालता आली असती, पण त्या दिवशीचीच घातली. एक प्रत शिक्षण निरीक्षकांच्या नावाने पाकिटात घातली आणि दुसरी घेऊन सरांच्या घरी गेले. दार मुलीने उघडलं. उंबऱ्यात उभ्यानेच तिने तो कागद वाचला, खालची तारीख पाहिली.

"हा बाबांना का नाही दिलात?"

मी टेकडी उतरले आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.