ट्युनिशियाची मोठी माणसं, मुक्काम पोस्ट चौक

शूटिंगमध्ये काम थोडं आणि वाट बघणं फार. लाइट लागेपर्यंत बसा, ऊन उतरेपर्यंत बसा. माणूस रिकामा बसला की काहीतरी करून ठेवतो आणि त्याचा किस्सा होतो. मी सेटवरचा ड्रेसदादा, म्हणजे सगळ्यांना कपडे चढवणारा. त्यामुळे हे किस्से बटणं लावता लावता आधी माझ्याच कानावर येतात.

यंदा आमच्या कर्जतकडच्या स्टुडिओत एक परदेशी सिरीज आली. विषय काय, तर ट्युनिशियातली मोठी माणसं! पुढारी, गायिका, खेळाडू, डॉक्टर. आमचे चेहरे तिकडे खपतात म्हणे. डायलॉग कुणालाच नव्हते, वरून निवेदन चढणार होतं. मूळ नावं काही आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्यांना कामावरूनच ओळखायचो.

आधी फक्त नमुन्याचे सीन काढायचे होते. ते बघायला तिकडून एक बाई येणार होत्या, सिरीजमधल्या डॉक्टरांची सख्खी मुलगी. त्यांना इथला बाप पटला तर अख्खं शूटिंग इथेच, म्हणजे चौक आणि लोधिवली गावांतल्या माणसांना पावसापर्यंत काम. नाही पटला तर सगळा बाडबिस्तरा दुसरीकडे! बाई आज येणार, उद्या येणार, असं करता करता सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

* * *

पुढारी झाले चौकचे गॅरेजवाले नासिरभाई. लाल गोंड्याची टोपी, काळा कोट, रुबाब असा की मीच दोनदा सलाम ठोकला. समोर गर्दी लोधिवलीची. डायरेक्टर म्हणाला, "यांना बघून जोश दाखवा!"

लगेच मागून आवाज आला, "नासिरभाई, तुम आगे बढो!" आणि सगळं ट्युनिशिया ओरडलं, "हम तुम्हारे साथ है!"

कट झालं. पण नासिरभाई मंचावरून खाली उतरायलाच तयार नाहीत. त्यांनी तिथूनच हायवेवरच्या खड्ड्यांवर भाषण सुरू केलं.

"भाई, कट झालं!"

"पब्लिक हाय तवर पुढारी उतरतो का रं?"

* * *

धावपटू होता निलेश, माथेरानला घोडे फिरवणारा. पळण्यात त्याला तोड नाही, पण पळताना डावा हात सारखा पुढे, मूठ आवळलेली. पाच टेक झाले, हात काही खाली येईना.

डायरेक्टर वैतागला. "हा हाताचं काय करतोय?"

"घोडा धरलाय सर."

"कुठाय घोडा?"

"तुमाला नाय दिसनार सर, पण मला तो लागतो!"

शेवटी त्याच्या मुठीत एक नॅपकिन दिला, तेव्हा कुठे शर्यत पूर्ण झाली.

* * *

गायिकेच्या रोलला वंदनाताई. विहारात भीमगीतं गातात तेव्हा कोपऱ्यावरच्या रिक्षा थांबतात, असा आवाज. इथे मात्र अरबी गाणं वाजणार आणि ताईंनी फक्त ओठ हलवायचे. पहिल्याच टेकला ताई भडकल्या.

"नुसते ओठ हलवायचे तर माझ्या नवऱ्याला उभा करा की! घरात तो तेवढंच करतो!"

नवरा तिथेच गर्दीत होता. त्याचे फक्त ओठ हलले.

* * *

टेनिसवाली शबाना, आमच्या इथल्याच शाळेत पीटी शिकवते. तिला सांगितलं होतं की बॉल हळू मार, मागची भिंत प्लायवूडची आहे, वर ट्युनिस शहराचा बाजार रंगवलाय. बाईंची वाट बघून बघून तीही तापलेली. तिने असा फटका मारला की ट्युनिसच्या भर बाजाराला भोक पडलं!

आर्टवाल्यांनी धावतपळत तिथे बोगनवेलीची कुंडी टांगली. परदेशी असिस्टंट आला, बघत राहिला आणि म्हणाला, "वा! आमच्या गल्लीत अगदी अशीच कुंडी आहे."

* * *

राहिले डॉक्टर. ते काम रघुनाथ कांबळ्यांकडे. माथेरानच्या हॉटेलात आयुष्यभर वेटर. चेहरा फोटोशी असा जुळला की मेकअपदादाला पावडरशिवाय काही कामच उरलं नाही. या कामासाठी रघुनाथ ऐन सीझनच्या तोंडावर हॉटेल सोडून आले. मालक म्हणाला, "आता गेलास तर परत तोंड दाखवू नकोस." बायकोने त्या दिवसापासून बोलणंच टाकलं.

त्यांनी फक्त सूक्ष्मदर्शकापुढे बसायचं होतं. पण कुणीही दारात आलं की रघुनाथ उठून उभे!

"अहो, तुम्ही मोठे डॉक्टर आहात, बसा!"

"जलम उभ्यानं गेला दादा. बसायला शिकाया येळ लागंल."

शेवटी एकदाच्या बाई आल्या. सत्तरीच्या, हातात काठी, सोबत पुण्याची एक दुभाषी मुलगी. खिडकी चुकीच्या बाजूला आहे म्हणाल्या. टेबल फारच स्वच्छ आहे म्हणाल्या. डायरेक्टरचा चेहरा उतरत चालला. मग बाई रघुनाथसमोर येऊन थांबल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

बाईंचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, काठीवरचा हात कापत होता. रघुनाथनी तो हात बघितला आणि एकदम बोलून गेले, "जेवलीस का गं, बाय?"

डायरेक्टरने कपाळाला हात लावला.

बाईंनी विचारलं, काय म्हणाला हा? दुभाषी मुलीने घाबरत घाबरत सांगितलं.

बाई म्हणाल्या, "बाबांनी हे मला कधीच विचारलं नाही. एकदाही नाही."

संपलं! रघुनाथच्या अंगातला कोट काढून घ्यायला मी पुढे झालो. बाईंनी मला हातानेच थांबवलं, खुर्ची ओढली, रघुनाथच्या समोर बसल्या आणि त्या मुलीला म्हणाल्या,

"त्यांना सांग, मी अजून नाही जेवले."