आमचूरवालीचं रक्त

अक्कलकुव्याच्या बाजारात माझं आमचूर खरेदीचं दुकान आहे. रनाळ्याहून इथे आलो तेव्हा मी दुसऱ्यांची पोती उचलत होतो. भाव करताना माझा आवाज चढतो, हे मला कबूल आहे. पण काट्यात मी कधी खोट केली नाही. हे आधीच सांगतो, कारण एका म्हातारीने भर बाजारात याच्या उलट सांगितलं होतं.

ती सातपुड्यातल्या एका पाड्यावरून येते. तिच्यासारखं पांढरं आमचूर सगळ्या बाजारात कुणाचं नसतं. सात-आठ वर्षांपूर्वी तिने माझ्या काट्यावरून गाठोडं उचललं, "या शेठचा काटा माल खातो," असं चार लोकांत म्हणाली आणि समोरच्या दुकानात गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती माझ्या ओट्यासमोरून पुढे जायची. मी घरी चिडचिड केली की बायको म्हणायची, "काटा खरा शे ना? मंग इतला राग काबर येस?"

गेल्या उन्हाळ्यात नव्वदी ओलांडलेल्यांच्या रक्ताचा अभ्यास करणारा एक तरुण डॉक्टर आला. माझ्या ओट्यावर सावली आहे आणि मला डोंगरातली बोली येते, म्हणून तो माझ्याकडेच बसला. त्याने मला सांगितलं, की शरीर किती झिजलं ते रक्तातून थोडंफार कळतं. साखर, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन, युरिक ॲसिड. खूप जगणाऱ्यांचे हे आकडे बहुधा साठीपासूनच आटोक्यात असतात. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही.

समोरच्या दुकानातून म्हातारी बाहेर पडली, तेव्हा मीच हाक मारली, "याहा." तिच्या बोलीत आईला तसं म्हणतात. या निमित्ताने ती माझ्या ओट्यावर चढेल, हा माझा डाव होता.

तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी होती, अर्ध्या बाजाराची असते तशी. वर्षही अंदाजाचंच. पण तिचा मुलगा आश्रमशाळेत स्वयंपाकी होता आणि त्याला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्या आधीच्या तीन मुली. तो काठी टेकत मागून आला. बाजारहाटाचं ओझं हिच्या डोक्यावर. डॉक्टरने वयाचा वाद तिथेच सोडला.

म्हातारी मात्र सुई टोचू देईना. मागे कोणीतरी सिकलसेलच्या तपासणीसाठी पाड्यावरच्या सगळ्यांचं रक्त नेलं होतं, काय निघालं ते सांगायला कुणी परतलं नव्हतं. तिला कागद नको होता, कागद वाचणार कोण? डॉक्टरने स्वतः येऊन इथेच सांगावं, अशी तिची अट. तो कबूल झाला, तर तिने जामीन मागितला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"जामीन शेठ. आणि शेठचंही रक्त घे. दोघांचं एकाच मशीनवर मोज."

मी आयुष्यभर भाव केले, पण कात्रीत असा कधी सापडलो नव्हतो. नाही म्हटलं असतं तर काट्याचा आरोप पक्का झाला असता. मी बाही वर केली.

मग तीन आठवडी बाजार गेले, डॉक्टर येईना. रिपोर्ट टपालाने पाठवतो म्हणाला. मी फोनवर इतका ओरडलो की समोरचा दुकानदार बाहेर आला. हा पोरगा आला नसता तर पाड्यापाड्यावर माझा शब्दही माझ्या काट्याबरोबर खोटा ठरला असता. म्हातारी दर बाजारी ओट्यापाशी थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुढे जायची.

चौथ्या बाजाराला तो आला. त्याने वाचलं, मी तिच्या बोलीत सांगितलं. तिची साखर ठीक, क्रिएटिनिन ठीक, अंगात सूज दाखवणारा आकडाही कमी. मग माझं. साखर वाढलेली, क्रिएटिनिन काठावर. मी अठ्ठावन्न वर्षांचा. म्हणालो, त्या दिवशी मी चहा-जिलेबी खाऊन आलो होतो. डॉक्टर म्हणाला, हा एका दिवसाचा नाही, तीन महिन्यांचा आकडा आहे. थोडा खाली येईल का, असंही मी विचारून पाहिलं.

"भाव नाही हा, काका," तो म्हणाला.

म्हातारीने मला आमचं हे बोलणंही तिच्या बोलीत सांगायला लावलं. मी काही न वगळता सांगितलं, माझं वाईट होतं तेही. आयुष्यात इतका कडक सौदा करणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि या बाईने तो पैशासाठी केला नव्हता. आपल्या अंगातून गेलेल्या चमचाभर रक्ताचं काय झालं, एवढंच तिला हवं होतं.

मग तिने डोक्यावरचं आमचुराचं गाठोडं उतरवलं आणि माझ्या काट्यावर ठेवलं. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, तर तिने मला हाताने थांबवलं.

"तू नको," ती म्हणाली आणि डॉक्टरकडे वळली. "हाही वाच."

माझी कानशिलं तापली. डॉक्टरने चहाचा कप खाली ठेवला, वाकला आणि आकडा वाचला. मी तो, मघासारखाच, तिच्या बोलीत सांगितला.